हरल्यावर गेम आपल्याशी कसा वागतो?

गिरणगावकर

परवा ऑफिसमधल्या एका पोराने विचारलं, "पहिल्यांदाच चांगला पीसी घेतोय, कुठले गेम टाकू?" मी भराभर नावं सांगत गेलो आणि मध्येच लक्षात आलं की या नावांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. एक नेमबाजीचा, एक शेतीचा, एक राज्य उभारायचा, एक निव्वळ वाचत बसायचा. तरी मला हे सगळे जिवापाड आवडतात. का, याचा घरी येईपर्यंत ट्रेनमध्ये विचार केला. उत्तर असं निघालं की या सगळ्या गेममध्ये हरलो तरी हाताला काहीतरी लागतं. जे गेम मी अर्ध्यावर सोडले, त्यांत हरल्यावर नुसता वेळ गेल्यासारखं वाटायचं. त्यावर जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात अर्थात प्रिन्सपासून.

आमच्या लालबागच्या चाळीत २००१ साली पहिला कॉम्प्युटर आमच्याकडे आला. बाबा आणि दादा दोन शनिवार लॅमिंग्टन रोड पालथा घालून सुटे भाग जुळवून घेऊन आले, टॅक्सीत मॉनिटर दादाच्या मांडीवर. जोडून देणाऱ्याने तीन-चार जुने गेम टाकून दिले होते, त्यात प्रिन्स ऑफ पर्शिया. जॉर्डन मेकनरने १९८९ साली ॲपल टू या जुन्या कॉम्प्युटरसाठी केलेला हा गेम आमच्याकडे पोचला तेव्हाच बारा वर्षांचा होता. पण त्या राजपुत्राचं धावणं, कठड्याला लोंबकळणं, धापकन पडणं इतकं खरं होतं की आम्ही बघतच राहिलो. मेकनरने धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ चित्रण केलं होतं आणि त्यावरून एकेक चित्र गिरवलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

अख्खा गेम संपवायला तुमच्याकडे साठ मिनिटं असतात. मेलात तर लेव्हल पुन्हा पहिल्यापासून, पण गेलेली मिनिटं परत येत नाहीत. चौथ्या लेव्हलला बाहेरचं दार उघडून परत फिरलं की वाटेत एक आरसा उभा असतो, जो मघाशी तिथे नव्हता. दादा तीन संध्याकाळ त्या आरशाला धडका देत होता. मग एकदा वैतागून लांबून पळत येऊन उडी मारली, आणि राजपुत्र थेट आरपार गेला. पलीकडून त्याचीच सावली उलट्या दिशेने उडी मारून पळाली, आणि खाली जीव दाखवणाऱ्या लाल त्रिकोणांपैकी एकच उरला. ही सावली पुढे छळते. आपल्या आधी जाऊन औषधाची बाटली पिऊन टाकते, एका ठिकाणी दार लावून आपल्याला खाली पाडते. आणि शेवटच्या टप्प्यात तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला वार केला की आपलाच त्रिकोण जातो. तिला मारलं की आपण मरतो.

दादा नऊ-दहा वेळा मेला. मग त्याने खालचा बाण दाबला. राजपुत्राने तलवार म्यान केली. सावलीनेही केली. तो तिच्या दिशेने गेला आणि दोघं एक झाले. मागे चाळीतली पाच-सहा पोरं उभी होती, कुणी हूं की चूं केलं नाही. त्या दहाही मरणांत गेम आम्हाला एकच गोष्ट सांगत होता, की वार करू नका. आम्हाला ती अकराव्या वेळी ऐकू आली.

आता प्रोजेक्ट आयजीआय. २००० सालचा, लपतछपत शत्रूच्या तळात शिरायचा नेमबाजीचा गेम. माझ्या वयाच्या मुंबईतल्या मित्रांपैकी हा न खेळलेला मला अजून भेटलेला नाही. यात मोहिमेच्या मध्ये सेव्ह करता येत नाही. चाळीस मिनिटं सरपटत जा, दुर्बिणीतून पहारेकरी मोजा, तारेचं कुंपण ओलांडा, आणि शेवटच्या इमारतीशी एक गोळी बसली की पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे भर म्हणून पावसाळ्यात चाळीचा फ्यूज उडायचा. तरीही तिसऱ्या-चौथ्या फेरीला तो तळ आम्हाला आपल्या गल्लीसारखा पाठ झालेला असायचा: कोण कुठे उभा, कॅमेरा कधी वळतो, शिडी कुठल्या बाजूला. हे हरणं मला मान्य आहे. मान्य नाही ते पुढचं. भोंगा वाजला की रिकाम्या करून ठेवलेल्या बराकीतून पुन्हा शिपाई निघत राहतात. तिथे तुमची चूक काय होती ते कळतच नाही. दुसऱ्या भागात, २००३ मध्ये, मोजके सेव्ह दिले, आणि मला तो तोडगा योग्य वाटला.

काउंटर-स्ट्राइक दादरच्या एका कॅफेत शिकलो, तासाला वीस रुपये. हाफ-लाइफ या गेमवर दोन पोरांनी १९९९ मध्ये सुरू केलेला मॉड, म्हणजे मूळ गेम बदलून चाहत्यांनी केलेला नवा गेम; हाफ-लाइफवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने तो पुढच्या वर्षी स्वतःकडे घेतला. इथली गंमत अशी की मेलात तर फेरी संपेपर्यंत गप्प बसून बाकीच्यांचं बघायचं. त्या बसण्यातच मी गेम शिकलो. कॅफेत एक जण होता, कॉलेजला जायचा बहुतेक, कायम कोपऱ्यातल्या मशीनवर. तो डस्ट टू या मैदानाच्या लांब बोळात कधीच पहिला शिरायचा नाही. आधी भिंतीवर आपटवून आंधळं करणारा बॉम्ब टाकायचा, एक-दोन मोजायचा आणि मग जायचा. मी मेलो की त्याच्याच स्क्रीनकडे बघत बसायचो. वर लागोपाठ हरणाऱ्या टीमला दरवेळी थोडे जास्त पैसे मिळतात, म्हणजे मार खाल्लेल्यांनाही पुढच्या फेरीत बंदूक घेता येते. नेमबाजीच्या गेममध्ये इतका न्यायी हिशेब मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

जीटीए मालिकेतल्या व्हाइस सिटीवर फार लिहीत नाही. तो मी मोहिमांसाठी कमी आणि रेडिओ लावून समुद्राकाठी गाडी फिरवायला जास्त खेळलो. रिमोटच्या हेलिकॉप्टरने बांधकामाच्या इमारतीत बॉम्ब ठेवायची मोहीम मात्र निव्वळ जाच होती. तिथे तुमची अक्कल हरत नाही, कीबोर्ड हरतो. नीड फॉर स्पीडमध्ये हरलो की लगेच पुन्हा शर्यत, विषय संपला.

आणि गेल्या काही वर्षांतला एल्डन रिंग (२०२२). मेलात की कमावलेले रून्स, म्हणजे तिथली कमाई, तिथेच पडतात. परत जाऊन उचलायची एकच संधी, वाटेत पुन्हा मेलात तर गेले. पण इथे बाकीच्या अवघड गेमपेक्षा एक मोठी सवलत आहे. मार्गिट हा सुरुवातीचा मोठा शत्रू हरत नसेल तर घोडा काढा आणि दुसऱ्या दिशेला जा, सगळा प्रदेश मोकळा आहे. मी दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात दहा-बारा तास काढून, हत्यार पक्कं करून परत आलो आणि दुसऱ्या झटापटीत त्याला लोळवला. हरल्यावर "तिकडे जाऊन ये" असं सांगणारा गेम मला दाराशी डोकं आपटायला लावणाऱ्या गेमपेक्षा केव्हाही जवळचा.

तुमचं काय मत? कुठल्या गेमने तुम्हाला चांगलं हरवलं?

चौथी सीट

धागा मनापासून आवडला. प्रिन्सच्या सावलीबद्दल एक भर घालतो. ती सावली अडचणीतून जन्मली. ॲपल टूची मेमरी राजपुत्राच्याच चित्रांनी भरून गेली होती, नवीन शत्रूची चित्रं ठेवायला जागाच नव्हती. मग मेकनरने राजपुत्राचीच चित्रं घेतली, तीच चित्रं किंचित सरकवून एकमेकांवर उलटसुलट चढवली, आणि त्यातून ही झगमगती आकृती तयार झाली. नवं पात्र, नवी चित्रं शून्य. मी प्रोग्रामिंग करतो. मेमरी पुरत नाही म्हणून कुणी रडायला लागलं की मी त्याला ही गोष्ट सांगतो.

कॅफेबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्या ठाण्याच्या कॅफेत मेलेली पोरं खुर्च्या सरकवून जिवंत असलेल्याच्या मागे जमायची. आता घरी बसून हेडफोन लावून खेळताना ती मागची गर्दी नसते, आणि मला ती फार आठवते.

मनीप्लांट

लेख सुंदर आहे, पण माझा थोडा विरोध नोंदवते.

हरणं परवडायला वेळ लागतो आणि हात लागतात. मला चार वर्षांपासून उजव्या मनगटाचा त्रास आहे. सलग वीस मिनिटं माउस धरला की बोटांना मुंग्या येतात. मुलगी साडेतीन वर्षांची. ती झोपल्यावर मला रात्री दहा ते अकरा एवढाच वेळ मिळतो. "अकराव्या वेळी ऐकू येतं" हे खरं असेल, पण माझं मनगट अकराव्या वेळेपर्यंत टिकत नाही. त्यामुळे एल्डन रिंगबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मी वाचू शकते, खेळू शकत नाही.

मला ज्या गेमने आत घेतलं तो सेलेस्ट, २०१८ चा. डोंगर चढणाऱ्या मुलीचा, एकेका पडद्याच्या उड्यांचा. मेलं की अर्ध्या सेकंदात त्याच पडद्यावर परत उभं, काही गमवायचं नाही. किती वेळा मेलात ते तो मोजतो, आणि अगदी सुरुवातीलाच सांगतो की या आकड्याची लाज बाळगू नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे यात मदतीची सोय आहे. गेमचा वेग कमी करता येतो, दम न संपणारा करता येतो, अगदी हवं तर मरणच बंद करता येतं. मी वेग ऐंशी टक्क्यांवर ठेवून खेळले. चढाई माझीच होती, डोंगरही तोच होता. शिखरावर पोचले तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते आणि मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच उभी राहिले, कारण कुणाला तरी सांगायचं होतं आणि घर झोपलं होतं.

दुसरा स्टारड्यू व्हॅली. २०१६ चा, एरिक बरोन या एकट्या माणसाने चार वर्षं खपून केलेला. चित्रं, संगीत, प्रोग्रामिंग सगळं त्याचं. इथे हरणं म्हणजे काय, तर रात्री दोनपर्यंत घरी पोचला नाहीत तर असाल तिथे चक्कर येऊन पडता, थोडे पैसे जातात आणि सकाळी अंथरुणात जागे होता. गेममधला पूर्ण दिवस साधारण चौदा मिनिटांचा. माझ्या एका तासात चार दिवस होतात. पार्सनिप काढले, कोंबड्यांना हात फिरवला, झोपले. दिवसभराच्या धावपळीनंतर मला यात हरवणारं कुणी नको असतं. हाही चांगला गेम आहे, आणि तुमच्या मोजपट्टीत तो बसत नाही असं मला वाटतं.

अडीच घरं

मनीप्लांटताई, सेलेस्टच्या परिच्छेदाला कडक सलाम.

मी फक्त डावपेचांच्या गेमबद्दल लिहितो, बाकी प्रकारांत मला गती नाही. एज ऑफ एम्पायर्स टू १९९९ पासून खेळतोय, २०१९ ला डेफिनिटिव्ह एडिशन ही नवी आवृत्ती आल्यापासून जवळजवळ रोज. यातलं हरणं फार सावकाश येतं. तुमचा किल्ला पस्तिसाव्या मिनिटाला पडतो, पण तुम्ही खरं हरलेले असता सहाव्या मिनिटाला, जेव्हा रानडुक्कर ओढून आणताना एक गावकरी मेला आणि त्या गडबडीत नवे गावकरी तयार करणारं टाउन सेंटर अर्धा मिनिट रिकामं बसलं. खेळ संपल्यावर आलेख बघितले की रेघ नेमकी तिथेच खाली वळलेली दिसते. मी हरलेल्या प्रत्येक सामन्याचं रेकॉर्डिंग बघतो, जिंकलेल्याचं क्वचित.

२०२२ ला आलेल्या डायनॅस्टीज ऑफ इंडिया या त्याच्या पुरवणीबद्दलही सांगतो, कारण आपल्याकडे यावर कमी बोललं जातं. आधी खेळायला निवडायच्या बाजूंमध्ये अख्ख्या उपखंडाला एकच 'इंडियन्स' होते. त्यांचे हिंदुस्तानी झाले आणि बंगाली, द्रविड, गुर्जर हे तीन नवे आले. गुर्जरांना सुरुवातीला मेंढ्या न कापता गिरणीत ठेवता येतात, मग अन्न हळूहळू येत राहतं. हे मला फार आवडलं, कारण हावरटपणे आधी सगळं खाऊन टाकणाऱ्याला पुढे त्रास होतो. मराठे मात्र त्या चारांत नाहीत, याची मला मनापासून रुखरुख आहे. घोड्यावरची चपळ फौज आणि डोंगरी किल्ले असलेली बाजू या गेमच्या यंत्रणेत किती चपखल बसली असती.

सर्वात जास्त जिवाला लागणारं हरणं मात्र एक्सकॉमचं, २०१२ चा. तुमचा सैनिक मेला की कायमचा मेला. मी शाळेतल्या मित्रांची नावं सैनिकांना दिली होती. आयर्नमॅन या अवघड प्रकारात सेव्ह एकच, मागे जाता येत नाही. दोन महिन्यांपूर्वी मरण पावलेल्या एका मित्राचं नाव दिलेली सैनिक-तुकडीतली ती स्नायपर शेवटच्या मोहिमेपर्यंत जिवंत राहावी म्हणून मी प्रत्येक खेळीला पाच-पाच मिनिटं घालवली. राहिली.

चौथी सीट

अडीच घरं, शेवटचा परिच्छेद वाचून थांबलो. मित्राबद्दल वाईट वाटलं.

बोरिवली स्लो

आमच्याकडे क्रिकेट ०७ अजून चालतो. हा ईए कंपनीचा शेवटचा क्रिकेट गेम, २००६ च्या अखेरीला आला, आणि चाहते आजही नवे खेळाडू, नव्या जर्सी, नवी मैदानं बनवून टाकतात. मी आणि चुलतभाऊ एकाच कीबोर्डवर खेळायचो, तो डाव्या बाजूला, मी बाणांच्या बाजूला, मध्ये कोपरांची मारामारी. आमचा घरचा नियम होता: आउट झालं की गेम बंद करून परत सुरू करायचा नाही. ज्याने केलं त्याने संध्याकाळी वडापाव द्यायचा. तो नियम नसता तर तो गेम दोन आठवड्यांत संपला असता. म्हणजे गेमने जे केलं नाही ते आम्ही केलं.

मला खरा राग आहे तो हरणं विकणाऱ्या फोनवरच्या गेमचा. पाचव्या प्रयत्नाला गोटी मुद्दाम चुकीच्या जागी पडते आणि लगेच खिडकी उघडते, पैसे भरा आणि पुढे जा. भाच्याने माझ्या बहिणीच्या फोनवरून एका दुपारी अठराशे रुपये घालवले. नऊ वर्षांचा आहे तो. त्याला आपण हरलो म्हणजे पैसे कमी पडले असंच वाटतं. गिरणगावकर म्हणतात ती मोजपट्टी मी या गेमना लावतो तेव्हा हेच सगळ्यात वाईट हरणं ठरतं, कारण त्यात शिकायची वाटच बंद केलेली असते.

पाऊसवेडी

कथेच्या गेमबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून टंकते.

डिस्को एलिझियम, २०१९. लढाई जवळपास नाहीच, सगळं संवादांत. एक दारुडा पोलीस स्मृती गमावून हॉटेलच्या खोलीत जागा होतो. अगदी सुरुवातीला पंख्याला अडकलेला टाय काढताना फासे वाईट पडले तर हृदय बंद पडून गेम तिथेच संपू शकतो. पण त्यापुढे जे घडतं ते मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मिळालं नाही. फासे चुकले तरी कथा अडत नाही, दुसऱ्याच वाटेला लागते, आणि कितीदा ती वाट जास्त चांगली असते. मी पहिल्यांदा खेळताना दर वेळी मागे जाऊन पुन्हा फासे टाकत होते. दुसऱ्यांदा ठरवलं की जे पडेल ते घ्यायचं. दुसरा गेम खूप जास्त माझा झाला.

वेन्बा, २०२३. कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाचा, जेमतेम दीड-दोन तासांचा. आईच्या फाटक्या वहीतल्या पाककृती पुसल्या गेल्यात, त्या अंदाजाने पुऱ्या करायच्या. पहिलीच इडली. थाळ्या कशा रचायच्या की वाफ सगळीकडे पोचेल, हे कोडं. चुकलं की पुन्हा रचा, कुणी ओरडत नाही. मी पहिल्याच झटक्यात बरोबर रचल्या, कारण माटुंग्यात शेजारच्या मामींच्या ओट्याशी उभी राहून मोठी झाले. गेम खेळताना आपल्या हातांना आधीच काही माहीत असावं, हे आयुष्यात पहिल्यांदा झालं.

आणि पुण्यात तयार झालेला राजी, २०२०. दिसायला अप्रतिम, भिंतींवरची चित्रं बघायला मी थांबत थांबत गेले. हाणामारी मात्र पुढे पुढे तीच ती होते आणि शेवट एकदम तुटल्यासारखा येतो. तरी घ्या आणि खेळा. दुर्गेचा आवाज गोष्ट सांगतोय आणि आपण राजस्थानी किल्ल्याच्या कमानीवरून उडी मारतोय, हे मला हवं होतं.

गिरणगावकर

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी.

मनीप्लांट, तुमचा मुद्दा मी मान्य करतो. मी लिहिताना माझे पंधराव्या वर्षीचे हात आणि मे महिन्याची सुट्टी गृहीत धरली होती. काल रात्री सेलेस्ट घेतला. मदतीची सोय न वापरता सुरू केला होता, दुसऱ्या टप्प्यात वेग नव्वदवर आणला, आणि लगेच कळलं की माझी चूक उडी उशिरा मारण्यात होती. संथ केल्यावर ती दिसली. म्हणजे माझ्या मोजपट्टीत तो चांगलाच बसतो, मीच ती आखूड धरली होती. स्टारड्यूबद्दल मात्र तुमचं खरं. तिथे मोजपट्टी बाजूला ठेवायची.

बोरिवली स्लो, वडापावचा नियम दादाला वाचून दाखवला. तो म्हणाला, आपल्याकडे असा नियम नव्हता म्हणून तू इतक्या मॅचेस जिंकलास.

अडीच घरं, तुमच्याबरोबर एज खेळायला आवडेल. शनिवारी रात्री दहाला चार जण जमतील का? सर्व्हर भारतातला घेऊ.

अडीच घरं

मी आहे. तिघं झाले की सांगा, खोली मी उघडतो.

चौथी सीट

मी पण. साडेनऊला घरी पोचतो, दहा जमेल.

मनीप्लांट

दहा ते अकरा मलाही जमेल, माउस डाव्या हाताने धरायचा सराव केलाय. मी गुर्जर घेते. मेंढ्या गिरणीत ठेवणार, एकही कापणार नाही.